फ्रिजच्या दारातला हीटर

'विजेची बचत करा' असे फलक आपण शाळेच्या भिंतीवर लावतो. वर्गाबाहेर पडताना दिवे-पंखे बंद करा, असे मुलांना सांगतो. सवय चांगलीच आहे. परंतु विजेच्या बचतीचा इतिहास पाहू लागलो, की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. बटण चालू असतानाही कमी वीज घेणारी यंत्रे बनवणे जेथे कायद्याने भाग पडले, तेथे फार मोठी बचत झाली. आणि तीही कोणाची सोय कमी न करता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हे कसे घडले, ते या लेखात पाहू.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या काळात अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्या वेळी बर्कली येथे आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. एन्रिको फर्मींचे हे विद्यार्थी. त्यांचा विषय मूलकणांचा. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्यांच्या मनात आले, की आपल्या मजल्यावरचे दिवे आता सोमवारपर्यंत असेच जळत राहणार. ते खोल्याखोल्यांत जाऊन बटणे शोधू लागले. गंमत अशी, की पुष्कळ बटणे कपाटांमागे, पुस्तकांच्या मांडणीमागे आणि भित्तिचित्रांखाली दडलेली होती. वर्षानुवर्षे कोणाला ती दाबण्याची गरजच वाटली नव्हती! वीज स्वस्त होती आणि स्वस्त वस्तूचा हिशेब कोणी ठेवत नाही. पुढे रोझेनफेल्ड यांनी मूलकणांचा अभ्यास सोडला आणि उरलेले आयुष्य या हिशेबाला वाहिले.

तिकडे राज्यापुढेही पेच होता. कॅलिफोर्नियाची विजेची मागणी वर्षाला सहा ते सात टक्क्यांनी वाढत होती. चक्रवाढीचे गणित आपण शिकवतोच. सात टक्क्यांनी वाढणारी राशी दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. या वेगाने जायचे, तर किती नवी वीजकेंद्रे बांधावी लागणार? विधिमंडळातील वॉरेन आणि अल्क्विस्ट या दोन सदस्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९७४ मध्ये झाला आणि १९७५ मध्ये राज्याचा ऊर्जा आयोग अस्तित्वात आला. मागणीचा अंदाज बांधणे आणि वीजकेंद्रांना परवाने देणे ही कामे आयोगाकडे होतीच. शिवाय इमारती व घरगुती उपकरणे यांनी किती ऊर्जा वापरावी, याची मानके ठरवण्याचा अधिकारही त्याला मिळाला. वीज कमी पडली तर नवे केंद्र बांधायचे, की आहे ती वीज नीट वापरायची, हे दोन्ही प्रश्न प्रथमच एका टेबलावर आले.

पहिले लक्ष गेले फ्रिजकडे. महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रिज मोठा होत गेला. बाहेरचे माप न वाढवता आत जास्त जागा हवी, म्हणून काही फ्रिजच्या भिंती पातळ केल्या गेल्या. भिंत पातळ झाली, की तिचा बाहेरचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेत त्यावर पाणी साचते. यावर उपाय काय केला? दाराच्या चौकटीत एक छोटा हीटर बसवला! आतले अन्न गार ठेवणाऱ्या यंत्राला बाहेरून विजेने ऊब द्यायची, आणि ती उष्णता झिरपून आत गेली, की कॉम्प्रेसरने ती पुन्हा बाहेर फेकायची. सत्तरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १८०० युनिट वीज घेत होता. भागाकार करून पाहा: वर्षाचे तास ८७६०, म्हणजे सरासरी २०५ वॉट. शंभर वॉटचे दोन दिवे रात्रंदिवस, बारा महिने जळावेत, तसेच हे.

रोझेनफेल्ड आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड गोल्डस्टाइन यांनी बाजारातल्या फ्रिजच्या किमती आणि त्यांचा वीजवापर यांची तुलना केली. कमी वीज घेणारा फ्रिज महाग असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात दोहोंत काही संबंधच आढळला नाही. मग जास्त वीज खाणारे फ्रिज बाजारातून काढले, तर गिऱ्हाइकाचे काय नुकसान होणार? त्या वेळी राज्याच्या वाळवंटी भागात सनडेझर्ट नावाचे अणुवीज केंद्र उभारण्याचा प्रस्ताव होता. नुसती फ्रिजची मानके सुधारली तरी या केंद्राइतकी वीज वाचेल, हे रोझेनफेल्ड यांनी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांना सांगितले. १९७७ पासून फ्रिजची पहिली मानके कॅलिफोर्नियात लागू झाली. सनडेझर्ट मात्र कधीच बांधले गेले नाही.

यानंतर जे झाले, त्यात राज्याच्या पुढाकाराचे खरे मर्म आहे. इतर काही राज्यांनीही स्वतःची मानके ठरवायला सुरुवात केली. साहजिकच कारखानदार अडचणीत आले. प्रत्येक राज्यासाठी निराळा फ्रिज कसा बनवणार? त्यापेक्षा देशभर एकच नियम बरा, असे त्यांनाच वाटू लागले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी असे विधेयक नाकारले. परंतु १९८७ मध्ये त्यांनीच कायद्यावर सही केली. कॅलिफोर्नियाच्या १९७४ च्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून सही करणारेही तेच होते. पुढे १९९०, १९९३ आणि २००१ मध्ये देशभरची मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. चांगला उष्णतारोधक फेस, सुधारलेले कॉम्प्रेसर व मोटारी आणि दाराचे घट्ट रबर यांमुळे २००१ पर्यंत नवा फ्रिज वर्षाला ५०० युनिटांच्या आत आला. त्याचा आकार घटला नाही, उलट वाढला. आणि महागाई हिशेबात धरली, तर किंमतही उतरली.

आणखी एक अडचण होती. जास्त युनिटे विकून जास्त नफा मिळवणारी वीजकंपनी लोकांना बचत का शिकवील? दारूच्या दुकानदाराकडे व्यसनमुक्तीचे काम द्यावे, तसे ते झाले असते. म्हणून १९८२ मध्ये राज्याच्या नियामकांनी वीजकंपनीचे मान्य उत्पन्न विक्रीच्या युनिटांपासून वेगळे केले. विक्री घटली तरी ठरलेले उत्पन्न दरातून भरून निघणार. त्यामुळे बचतीला विरोध करण्याचे कारण उरले नाही.

या साऱ्याचा परिणाम म्हणून एक प्रसिद्ध आलेख नेहमी दाखवला जातो. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर तीस वर्षांत अमेरिकेचा दरडोई वीजवापर जवळजवळ दीडपट झाला. कॅलिफोर्नियाचा मात्र जवळपास जागच्या जागी राहिला. आलेख खरा आहे. पण येथे आपण सावध राहायला हवे. समुद्रकिनाऱ्याचे सौम्य हवामान, महाग वीज, घरांचा आकार, उद्योगांचा प्रकार ही कारणेही यामागे होती. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी ही कारणे वेगळी काढून पाहिली. राज्य आणि देश यांच्या वापरातील फरकापैकी सुमारे चौथाच हिस्सा धोरणांच्या खात्यावर टाकता येईल, असे त्यांना दिसले. आम्हांला वाटते, हा चौथा हिस्साही लहान नाही. पण सगळे श्रेय कायद्याला देणे हे विज्ञान नव्हे. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. फ्रिजचा पुरावा मात्र भक्कम आहे, कारण तेथे मोजमाप थेट यंत्राचेच आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. मुंबईचे अशोक गाडगीळ यांनी रोझेनफेल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली बर्कलीत पीएच.डी. केली. घरगुती वीज तोट्यात विकली जात असेल, तर ग्राहकांना कमी विजेचे दिवे पुरवणे वीजमंडळाच्याच फायद्याचे आहे, असा हिशेब त्यांनी एका सहकाऱ्यासह १९९१ मध्ये मांडला. भारतात २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये उपकरणांवर तारे दिसू लागले. या कायद्याखाली प्रत्येक राज्याची एक नियुक्त संस्था असते. महाराष्ट्रात ती 'महाऊर्जा' आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत वीजवितरण कंपन्यांमार्फत स्वस्तात एलईडी दिवे विकले गेले. देशभरात त्यांची संख्या ३६ कोटींवर गेली.

शेवटी, वर्गात करण्याजोगे एक काम. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या घरातील फ्रिजच्या चिठ्ठीवरचे तारे, वर्षाची युनिटे, क्षमता आणि कोणत्या वर्षीची चिठ्ठी आहे, ते लिहून आणावे. युनिटांना ८७६० ने भागून सरासरी किलोवॉट आणि त्यावरून वॉट काढावेत. मग सर्वांचे आकडे फळ्यावर मांडून किमतीशी त्यांचा काही संबंध दिसतो का, ते पाहावे. गोल्डस्टाइन यांनी केले ते मुळात एवढेच होते. बटण बंद करण्याचा फलक भिंतीवर राहू द्यावाच. पण दुकानात येणारी वस्तू कशी असावी, हे कोण ठरवते आणि ते ठरवताना आपण काय विचारू शकतो, हा प्रश्नही मुलांना पडला, तर इतिहासाचा हा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.