पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप

ख्रिस्ती धर्म क्षमेचा धर्म म्हणून ओळखला जातो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगारालाही अखेरच्या घटकेला आश्वासन मिळते. गुरूला तीनदा नाकारणारा पेत्र पुढे प्रेषितांचा अग्रणी होतो. अशा परंपरेत एका पापाला कधीही क्षमा नाही, असे वचन खुद्द येशूच्या तोंडी आढळते. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत ते आले असून, या पापाला मराठी बायबलात पवित्र आत्म्याविरुद्धचे दुर्भाषण म्हटले आहे.

या वचनाचा अर्थ प्रसंगावाचून लागत नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमहून आलेले शास्त्री येशूवर आरोप करतात, की हा भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने भुते काढतो. मत्तयाच्या कथनात हा आरोप परूशी करतात आणि त्याआधी एक आंधळा व मुका माणूस बरा झालेला असतो. आपसांत फूट पडलेले राज्य टिकत नाही, असे उत्तर देऊन येशू म्हणतो, की माणसांच्या सर्व पापांची व निंदेची क्षमा होईल, परंतु पवित्र आत्म्याच्या निंदेची होणार नाही. त्याच्या ठायी अशुद्ध आत्मा आहे असे ते म्हणत होते म्हणून तो असे बोलला, हा खुलासा मार्क लगेच जोडतो. मत्तय व लूक यांच्या मते मनुष्याच्या पुत्राविरुद्ध बोललेलेही क्षम्य आहे. म्हणजे प्रश्न रागाच्या भरात निसटलेल्या शब्दाचा किंवा मनात डोकावलेल्या शंकेचा नाही. डोळ्यांदेखत घडलेले चांगले कृत्य जाणूनबुजून सैतानाचे ठरवण्याचा आहे.

शतकानुशतके भाष्यकारांनी या वचनाचा कस लावला. पाचव्या शतकात ऑगस्टिनने त्याचा अर्थ मृत्यूपर्यंत टिकलेला अनुताप-नकार असा लावला. त्यामुळे जिवंत माणसाबद्दल आशा सोडण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. मध्ययुगीन पंडितांनी निराशा, उद्दामपणा, ओळखलेल्या सत्याला विरोध अशा सहा प्रकारांची यादी केली. निराशाच पापांच्या यादीत गेल्याने भित्र्या मनांची पंचाईत झाली असणार. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या परिपत्रकात ऑगस्टिनच्या जवळची भूमिका मांडली : देऊ केलेले तारण स्वीकारण्यास नकार देणे हेच या पापाचे स्वरूप. माणसाला आपल्या पापाची जाणीव करून देणे हे योहानाच्या शुभवर्तमानानुसार पवित्र आत्म्याचे कार्य. ती जाणीवच खोटी ठरवली, तर शुभवर्तमानाच्या हाकेला ओ द्यायची तरी कशी? येथे क्षमा आटलेली नसते. ती मागण्याची वाट माणसाने स्वतः बुजवलेली असते.

यावरूनच धर्मोपदेशकांचा एक जुना दिलासा निघाला. आपल्या हातून हे पाप घडले की काय, या भीतीने जो व्याकूळ आहे त्याच्या हातून ते घडलेले नाही. कारण ज्याचे मन खरोखर दगडासारखे झाले, त्याला ती भीती वाटणारच नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र तो प्रत्येक मनाला लागू पडतोच असे नाही.

इंग्लंडमधील जॉन बन्यन हा भांडी दुरुस्त करणारा कारागीर. ख्रिस्ताला विकून टाक, असे शब्द त्याच्या मनात रात्रंदिवस घोळत. एकदा थकून त्याने मनातल्या मनात होकार भरला आणि पुढे दीर्घकाळ आपण एसावाप्रमाणे वारसा गमावला, अशा यातनेत तो राहिला. एका वयोवृद्ध श्रद्धावंताकडे त्याने आपली भीती बोलून दाखवली, तर मलाही तसेच वाटते, असे त्या गृहस्थाने सांगितले! अखेर आपले नीतिमत्त्व आपल्या मनःस्थितीवर नव्हे, तर ख्रिस्तावर अवलंबून आहे, हा विचार शेतातून जाताना त्याला सुचला आणि बेड्या गळून पडल्या. ही हकिकत त्याने १६६६ मध्ये तुरुंगातून प्रसिद्ध केली. याच बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चे हरी केशवजींनी केलेले मराठी रूपांतर 'यात्रिक क्रमण' १८४१ मध्ये निघाले.

कवी विल्यम कूपरला मात्र असा किनारा लाभला नाही. १७६३ मध्ये एका नेमणुकीच्या परीक्षेच्या धास्तीने त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि आपण अक्षम्य पापी आहोत, या समजुतीने त्याला ग्रासले. सेंट आल्बन्स येथील डॉ. कॉटन यांच्या उपचारगृहात, पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचताना, १७६४ मध्ये त्याला शांती मिळाली. पुढे जॉन न्यूटन या धर्मोपदेशक मित्राबरोबर त्याने स्तोत्रे रचली. पण १७७३ मध्ये पडलेल्या एका स्वप्नात आपला निकाल कायमचा लागला, असे त्याला वाटले आणि त्याने उपासनेला जाणे सोडले. आजच्या डॉक्टरांनी त्यात तीव्र नैराश्य पाहिले असते. धर्मविषयक भीतीच्या काही रुग्णांत मंत्रचळही आढळतो. न्यूटनचा तर्क त्याच्यापुढे हरला, मैत्री मात्र तुटली नाही. दोघांचा स्तोत्रसंग्रह १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कूपरची स्तोत्रे चर्चमध्ये आजही गायिली जातात. ती क्षमा आपल्यासाठी नाही, असेच १८०० मध्ये मरेपर्यंत तो मानत राहिला.