ग्रीष्म, चूल आणि राज्यसंस्था : कौटिलीय अर्थशास्त्रातील अग्निप्रतिबंधाचे स्वरूप

प्रस्तावना
गंगेच्या मैदानी प्रदेशात चैत्र-वैशाखात पश्चिमेकडून कोरडे, उष्ण वारे वाहू लागतात. गवताची छपरे, कुडाच्या भिंती आणि उघडी चूल यांच्या सान्निध्यात एखादी ठिणगीही संपूर्ण वस्ती भस्मसात करण्यास पुरेशी ठरते. या संकटाची जाणीव प्राचीन आहे. पाटलिपुत्रास अग्नी, पाणी आणि अंतर्गत फूट यांपासून भय राहील, असे भाकीत बुद्धाच्या मुखी घातल्याचे महापरिनिब्बानसुत्तात आढळते. मात्र या भयाचा प्रशासकीय विचार सविस्तर आढळतो तो कौटिलीय अर्थशास्त्रात. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे चिकित्सक आवृत्तीच्या रूपाने (१९६०) सिद्ध केलेल्या या ग्रंथातील अग्निविषयक नियमांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिबंधाचे नियम
दुसऱ्या अधिकरणातील नगराधिकाऱ्याच्या कर्तव्यांत हे नियम येतात. ग्रीष्म ऋतूत दिवसाच्या चार भागांपैकी मधल्या दोन भागांत, म्हणजे स्थूलमानाने सकाळी नऊ ते दुपारी तीन या काळात, अग्नी पेटविण्यास मनाई आहे. स्वयंपाक करावयाचाच असल्यास तो घराबाहेर करावा. प्रत्येक गृहस्थाने पाण्याचे पाच घट, मोठा कुंभ, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, कचग्रहणी आणि चामड्याची पखाल जवळ ठेवावी. कचग्रहणी म्हणजे पेटलेले छप्पर ओढून काढण्याचा आकडा. गवताची व चटयांची आच्छादने काढून टाकावीत. लोहारादी अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांना एका ठिकाणी वसवावे. रस्ते, चव्हाटे, वेशी आणि राजवास्तू यांच्याजवळ पाण्याच्या घड्यांच्या रांगा असाव्यात. रात्री गृहस्वामींनी आपापल्या दारापाशीच राहावे.

या यादीचे वैशिष्ट्य असे की, तीत आग विझविण्यापेक्षा ती पसरू न देण्यावर अधिक भर आहे. काळ, इंधन आणि वस्तीची रचना या तिन्हींवर नियंत्रण ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. चौथ्या अधिकरणात अग्नीची गणना आठ दैवी महाभयांत केली असून पर्वदिनी बली, होम आणि अग्निपूजा सांगितली आहे. परंतु त्याच ठिकाणी ग्रामस्थांनी उन्हाळ्यात बाहेर स्वयंपाक करावा असेही बजावले आहे. संकट दैवी मानूनही त्याचे निवारण मानवी कर्तव्य ठरविले आहे, हे लक्षणीय होय.

दंड आणि उत्तरदायित्व
निषिद्ध वेळी अग्नी पेटविल्यास अष्टमांश पण, साधने न ठेवल्यास पाव पण दंड आहे. आग लागलेल्या ठिकाणी धावून न जाणाऱ्या गृहस्वामीस बारा पण, तर भाडेकरूस सहा पण द्यावे लागत. निष्काळजीपणाने आग लागल्यास चोपन्न पण दंड होता, आणि हेतुपुरस्सर आग लावणाऱ्यास अग्नीनेच देहान्त शासन सांगितले आहे.

याच ग्रंथात सर्वांत खालच्या सेवकाचे वेतन साठ पण दिले आहे. ते वार्षिक मानल्यास त्याची रोजची मिळकत पणाचा सुमारे सहावा हिस्सा होते. म्हणजे दुपारी चूल पेटविण्याचा दंड त्याच्या पाऊण दिवसाच्या कमाईएवढा, तर निष्काळजीपणाचा दंड जवळजवळ अकरा महिन्यांच्या वेतनाएवढा ठरतो. दंड सर्वांना समान असला तरी त्याचा भार समान नव्हता. गवताचे छप्पर काढण्याची आज्ञाही ज्यांच्याकडे दुसरे छप्पर नव्हते त्यांनाच अधिक जाचक ठरणारी होती. त्या जागी काय घालावे, याविषयी हे नियम मौन पाळतात. भाडेकरूस निम्मा दंड ठेवण्यात मात्र मालमत्तेच्या प्रमाणात उत्तरदायित्व ठरविण्याची दृष्टी दिसते.

नियम आणि वास्तव
हे नियम प्रत्यक्षात पाळले जात, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. लाकडात अग्नी सदैव दबा धरून असतो म्हणून तट लाकडाचा नसावा, असे हाच ग्रंथ सांगतो. पण मेगॅस्थेनिसने पाटलिपुत्राचा तट लाकडी असल्याचे नोंदविले आणि पाटण्यातील बुलंदीबाग येथील उत्खननात लाकडी तटाचे अवशेष मिळाले. ग्रंथाचा काळही वादग्रस्त आहे. परंपरेने तो मौर्यकालीन मानला जातो, तर पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्यासारखे अभ्यासक त्याची रचना इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास झाली असे मानतात. म्हणून हा मजकूर मौर्य प्रशासनाचा अहवाल नव्हे, तर आदर्श प्रशासनाचा आराखडा म्हणून वाचणे उचित ठरते.

निष्कर्ष
आराखडा म्हणून वाचल्यानेही त्याचे मोल कमी होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये आगीच्या घटनांनंतर बिहार शासनाने ग्रामीण भागात सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत चूल न पेटविण्याची सूचना काढली. त्याच भूप्रदेशात, त्याच ऋतूत, जवळजवळ तोच उपाय पुन्हा योजावा लागला. यात प्राचीनांच्या दूरदृष्टीचे समाधान मानता येईल; परंतु घर जळण्याचे कारण जोवर कच्चे छप्पर आणि उघडी चूल हेच राहते, तोवर नियमांचा भार ज्याचे घर जळते त्याच्यावरच पडतो, हा या इतिहासातून निघणारा अधिक गंभीर निष्कर्ष होय.