वारसा: गादीचा आणि ज्ञानाचा

१४८५ साली जर्मनीतील सॅक्सनीचे राज्य दोघा भावांनी वाटून घेतले. आपल्याकडेही तेच घडले. १७५५ साली नागपूरकर रघुजी भोसले वारले; जानोजींकडे नागपूरची गादी, तर साबाजींकडे वऱ्हाड-दारव्हा आले. निपुत्रिक जानोजींनी मुधोजी या भावाचा मुलगा दत्तक घेतला. १७७२ साली ते वारताच मुधोजी-साबाजींत गादीसाठी युद्ध पेटले. १७७५ साली पाचगावच्या लढाईत साबाजी पडले. १८५३ साली तिसरे रघुजी पुत्राविना वारले आणि डलहौसीने राज्यच खालसा केले. धनी बदलले, सारा भरणाऱ्या कुणब्याला कोणी विचारले नाही.

म्हणून आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना रिद्धपूरचा वारसा मोठा वाटतो. गोविंदप्रभूंकडून चक्रधरांकडे, पुढे नागदेवाचार्यांकडे तो रक्ताने नव्हे, ज्ञानाने गेला. असा वारसा वाटल्याने तुटत नाही, वाढतो.