गंज, जुन्या पिकअप गाडीचा (शेगाव परिसर)

गंज, जुन्या पिकअप गाडीचा : गाडीच्या पोलादी पत्र्यातील व चॅसीतील लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांच्या विक्रियेतून तयार होणारे तांबूस, ठिसूळ, जलयुक्त ऑक्साइड. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात टाटा २०७, महिंद्रा बोलेरो पिकअप अशा गाड्या कापूस, सोयाबीन, खते आणि कडबा वाहतात. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असून उन्हाळा कडक व कोरडा असतो. तरीही गाड्या सडतात, आणि बहुधा खालून सडतात. कोकणात मीठ वाऱ्याबरोबर येते. येथे ते भूजलातून आणि मातीतून येते.

कारणे : गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. ओल्या पत्र्याच्या एका भागातून लोखंड विरघळते, तर शेजारच्या भागावर ऑक्सिजन ती क्रिया पुढे नेतो; पाणी या दोहोंना जोडते. पाण्यात क्षार असले की ते वीज अधिक चांगली वाहते. त्यांतील क्लोराइड पोलादावरील संरक्षक थर भेदून खड्डे पाडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली फुगा येतो आणि दुमडलेले पत्रे एकमेकांपासून सुटतात.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे स्वीकार्य प्रमाण दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. पट्ट्यातील कित्येक विहिरी व बोअर या सुटीतही बसत नाहीत. पिण्यायोग्य नसलेले असे पाणी सहज धुण्याकडे वळते. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की मडगार्डच्या कडेला पांढरी खार उमटते. म्हणजे गंज टाळण्यासाठी केलेली धुलाईच दर वेळी थोडे मीठ चढवून जाते.

काळी चिकण मातीही गंजाला साथ देते. पावसाळ्यात मडगार्डच्या आत बसलेला तिचा थर वरून वाळतो, पण पत्र्याला चिकटलेली बाजू ओलीच राहते. खतांपैकी पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे हौद्याच्या सांध्यांत अडकले की दमट हवेतला ओलावाही त्यांना पुरतो.

नेहमीच्या जागा : फूटबोर्ड, केबिनच्या तळाचा पत्रा, दाराची खालची दुमड, फाळक्याच्या बिजागऱ्या, हौद्याचे आडवे पट्टे, बॅटरीचा ट्रे, पाट्यांच्या शॅकलजवळची चॅसी आणि ब्रेकचे पाइप. दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी भोके असतात. ती मातीने बुजली की दार आतून कुजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो.

तपासणी : चॅसीवर लहान हातोडीने ठोकत गेल्यास धड पोलाद खणखणते, सडलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि खपल्या गळतात. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबल्यावर आत गेले तर पत्रा संपला असे समजावे. ब्रेकच्या पाइपावर खड्डे दिसले तर घासून रंगवत बसू नये, पाइप बदलावा.

दुरुस्ती : वरवरचा गंज वायर ब्रश, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरने चकचकीत धातू लागेपर्यंत काढतात. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रव लावला की त्याचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. त्यावर इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर आणि शेवटी रंग देतात. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी रस्त्यावर काढणे पुरेसे नाही. त्या थरातून ओल झिरपते.

पत्र्याला भोक पडले असेल, तर डेंटर सडलेला भाग धड धातूपर्यंत कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडतो. गंजावर लांबी भरून रंग दिला तर गाडी काही महिने देखणी दिसते. लांबी ओल शोषते आणि गंज तिच्याखाली पसरत राहतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडतात आणि डिझेलची टाकी व पाइप यांपासून ठिणगी दूर ठेवतात. चॅसी गाडीचा सगळा भार वाहते. तिच्यावरचे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

प्रतिबंध : धुण्याचे पाणी टीडीएस मीटरने तपासावे. खारे पाणी वापरावेच लागले, तर शेवटची धार तरी गोड्या पाण्याची द्यावी. छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी त्यासाठी उत्तम. मडगार्डच्या आतली माती हाताने खरवडावी, निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत. पावसाळ्यापूर्वी चॅसीवर जळके ऑइल फवारण्याची रीत आहे. त्याने पाणी दूर राहते, पण रबरी बुश फुगतात, ब्रेकवर उडाल्यास धोका होतो आणि गळलेले ऑइल जमीन बिघडवते. त्यापेक्षा मेणयुक्त लेप बरा. डांबरी लेप पूर्ण स्वच्छ, कोरड्या पत्र्यावरच द्यावा. एरवी तो ओल आत कोंडून ठेवतो.

योग्यता प्रमाणपत्र : मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता तपासणी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील गाड्यांचे नोंदणी क्रमांक एमएच २८ ने सुरू होतात. पण गाडीची खरी ओळख चॅसीवर ठोकलेला क्रमांक असतो. तो गंजात बुजू देऊ नये आणि तेथे ग्राइंडर कधीही चालवू नये. हाताने पुसून ग्रीसचा पातळ थर लावावा. पत्रा कितीदाही बदलता येतो. चॅसीच अनेक ठिकाणी सडली असेल, तर खर्च थांबवून गाडी २०२१ च्या नियमांखालील नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे देणे योग्य ठरते.