पुसदचे गवत आणि देशभक्तीचा अर्थ

१९३० साली मिठाचा सत्याग्रह देशभर गाजला. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडातही दहिहांडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करण्यात आले. परंतु यवतमाळकडील शेतकऱ्याला नित्य जाच होता तो जंगलच्या कायद्याचा. गुरांच्या वैरणीसाठी राखीव जंगलातले गवत परवान्यावाचून कापणे हा गुन्हा होता. वणी येथे जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे तेच गवत उघडपणे कापले आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली.

या प्रसंगाची केवळ शौर्यकथा करणे अपुरे होय. अणे हे प्रथम अमरावतीस शिक्षक होते व १९०८ पासून यवतमाळला वकिली करीत. ज्याचा चरितार्थच न्यायालयावर चालत होता त्याने कायदा मोडावा आणि त्याचे फळ मुकाट्याने भोगावे, यात देशप्रीतीइतकीच नागरिकाच्या उत्तरदायित्वाची जाणीव आहे. शिवाय हा हक्क अणे यांचा एकट्याचा नव्हे, ज्यांच्या गोठ्यात गुरे होती त्या सर्वांचा होता.

१९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा अनेकांना ही विसंगती वाटली. प्रस्तुत लेखकास ती तितकीशी वाटत नाही. अधिकार घेणे हेही त्यांच्या लेखी एक दायित्व असावे. कारण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी ते पद सोडले.