शेणामेणाचे घर आणि घुबड-मांजराचे लग्न

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आश्रयाने वाढणाऱ्या मुलासही चिऊकाऊची गोष्ट इतर मराठी मुलांप्रमाणे घासाबरोबरच मिळते. या गोष्टीची सर्वांत जुनी लिखित नोंद शोधू गेल्यास वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास (इ. स. १२७८) सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात ती आढळते. चक्रधर ती एका लहान लेकरास सांगतात. कावळ्याचे घर शेणाचे. मात्र मेणाच्या घरात तेथे चिमणी नाही, 'साळै' म्हणजे साळुंकी आहे.

पुढे साळुंकी उडाली व तिच्या जागी चिमणी आली. शेण आणि मेण मात्र हलले नाहीत. यावरून गोष्टीची आधारशिला पात्रे नसून यमक होय, असे म्हणावयास हरकत नाही. वऱ्हाडी उच्चाराने याची आणखी एक कसोटी घेतली आहे. या बोलीत ळकाराचा यकार होऊन कावळ्याचा 'कावया' झाला आणि णकाराचा नकार झाल्याने चिमणीची 'चिमनी'. पण शेण व मेण दोन्ही एकाच नियमाने 'शेन' व 'मेन' झाली, आणि यमक अभंग राहिले.

कोणतेही पाखरू मेणाचे घर बांधीत नाही. येथे नादाने आधी शब्द आणला. पावसाने तो सार्थ केला, कारण शेण विरघळते व मेणावरून पाणी ओघळून जाते. इंग्रज कवी एडवर्ड लिअर याने १८६७ साली जॅनेट सायमंड्स या बालिकेसाठी रचलेल्या घुबड व मांजराच्या प्रेमगीतात याच्या उलट घडले. नवदांपत्याच्या मेजवानीतील चमच्याला त्याने 'रन्सिबल' हे स्वरचित विशेषण लावले. तेच त्याने अन्यत्र मांजराला आणि टोपीलाही लावले. कोशकारांनी मात्र मागाहून त्या चमच्याला तीन दाते बसविले. निरर्थाला निरर्थ राहू देणे विद्वानांस सहसा जमत नाही.

खरी अडचण लिंगाची आहे. मूळ कवितेत घुबड नर की मादी हे कोणत्याही सर्वनामाने सांगितलेले नाही, मांजराचेही तसेच. लग्नाचा प्रस्ताव तर मांजर मांडते. मराठीत क्रियापद लिंग लपवू देत नाही, तरीही येथे भाषा अनपेक्षितपणे साह्य करते: घुबड व मांजर दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, म्हणून दोघेही 'म्हणाले'च. अनुवादकाने 'बोका' किंवा 'मनी' लिहिले की ती मोकळीक संपली. (घुबडाचा अपशकुन हा अनुवादकाचा निराळा ताप.) लिअरने या गीताचा एक उत्तरभाग अपूर्ण सोडला होता. तो त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, १९३८ साली, प्रसिद्ध झाला. त्यात आई मांजर व बाप घुबड ठरल्याने प्रस्ताव वधूचा होता हे उघड झाले.

मराठी जोडीला ही संदिग्धता कधीच लाभली नाही. साळुंकी गेली तरी तिच्या जागी आलेले पाखरू स्त्रीलिंगीच होते, आणि कावळा पुल्लिंगीच राहिला. घर वाहून गेलेला तो दाराशी भिजत उभा राहतो. ती आत बाळाला न्हाऊ घालते, गंध-पावडर करते. नावेत बसून लग्नाला निघणे दूरच; त्याला आत घ्यावयाचे की नाही, हेदेखील घरोघरी सांगणारी आजी आपल्या मनाने ठरविते.