कोणाच्या दंडावरची लस?

आमच्या धाराशिवकडची जुनी माणसे लस टोचण्याला 'देवी काढणे' म्हणतात. रोगही देवी आणि उपायही देवी. हा उपाय कोणाच्या अंगावरून आपल्यापर्यंत आला, याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

हिंदुस्थानात देवीची लस प्रथम टोचली गेली ती 14 जून 1802 रोजी, मुंबईत, ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला. ती एका नोकराची पोर. बसऱ्याहून आलेली लस तिच्या दंडावर फुलली. फोडातला द्रव काढून आणखी पाच मुलांना टोचला आणि तेथून लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेली. त्याआधी 1796 साली इंग्लंडात जेन्नरने प्रयोग केला तोही एका माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलावर. स्पेनच्या राजाने 1803 मध्ये अमेरिकेकडे लस पाठवली ती 22 अनाथ मुलांच्या दंडांतून. नोकराची मुलगी, माळ्याचा मुलगा, अनाथ पोरे. सरदाराचा मुलगा या यादीत नाही!

याचे कारण साधे होते. उन्हात लस वाळून निकामी होई, म्हणून ती जिवंत अंगातच वाहून न्यावी लागे. आठवड्याने फोड पिकला की तो फोडायचा आणि पुढचे मूल गाठायचे. आपले मूल असे कोण देणार? ज्याला नाही म्हणता येत नाही तो. बऱ्याचदा ही मुले अस्पृश्य आणि गरीब जातींची असत. आईबापांच्या हातावर चार पैसे टेकवले जात. मग सवर्ण घरांतून तक्रार येई की या पोरांच्या अंगातला द्रव आमच्या मुलांना नको. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्याच दंडावर गावाचे औषध पिकत होते. पुढे वासरांपासून लस काढू लागले तेव्हा हा वाद मिटला.

मी लसीच्या विरोधात नाही. 1975 नंतर या देशात देवीचा रोगी राहिला नाही, त्याचा फायदा आपल्या वस्त्यांनाही झाला. माझा प्रश्न संमतीचा आहे.

तो प्रश्न 1802 सालीच संपला असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. 2009 मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचण्यात आली. खम्मममध्ये त्यांत आश्रमशाळांतल्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. सात मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाले असे चौकशी समितीला आढळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आंध्रातले 9,543 संमतीचे कागद तपासले तेव्हा 1,948 वर नुसते अंगठे होते आणि 2,763 वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या! एप्रिल 2010 मध्ये काम थांबले आणि 2013 साली संसदीय समितीने कडक ताशेरे मारले. हा 'प्रात्यक्षिक प्रकल्प' आहे, चाचणी नव्हे, असा बचाव झाला होता. नाव बदलले की नियम चुकवता येतात, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

कायदा आज बराच स्पष्ट आहे. 2019 च्या चाचणी नियमांनुसार मुलाच्या वतीने आईबापाने किंवा कायदेशीर पालकाने लेखी संमती द्यायची, समजत्या वयाच्या मुलाने स्वतःही होकार द्यायचा. आयुर्विज्ञान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सातव्या वर्षापासून तोंडी आणि बारापासून लेखी होकार सांगितला आहे.

पण आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुले हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ. उद्या एखादी चाचणी इथे आली तर सही कोण करणार? अधीक्षक हा कायदेशीर पालक नव्हे आणि मुख्याध्यापकही नव्हे. शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच, की असा कागद समोर आला तर सही करू नका. टोळ्या गावी परत येईपर्यंत थांबायला सांगा, तांड्यावर बंजारा बोलीत आणि वस्तीत मराठीत तो वाचून दाखवायला लावा, आणि नाही म्हणणाऱ्या आईचे नाव कोणत्याही यादीत जाणार नाही, हे आधी लिहून घ्या.